तुसाची पांढरी राख

बरगीकडच्या गिरणीतून धानाचं तूस पोत्यात भरून मी प्रयोगशाळेत आणलं. ते आम्लानं धुवायचं, भट्टीत जाळायचं आणि पांढऱ्या राखेतून डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक सिलिकेचे कण काढायचे. ते तेलविहिरीच्या सिमेंटमध्ये मिसळायचे. विहिरीतला लोखंडी नळ आणि भोवतीचा खडक यांच्यामध्ये हे सिमेंट भरतात. ते तडकलं की खालचा वायू वर येतो.

गिरणीवाले ज्याचा ढीग पेटवून देतात, त्याला मी कचरा म्हणत नाही. मी घरात चळवळीची पत्रकं वाचत वाढले. दुसऱ्यानं दिलेलं नाव तपासून घ्यायची सवय तिथली.

पण ही भुकटी घातलेले माझे सिमेंटचे ठोकळे चाचणीत दोनदा तडकले. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "आख़िरी मौक़ा, बेटा. फिर बाज़ार की सिलिका लो, भूसी छोड़ो."

माझ्यासोबत संशोधन करणारा दादा जवळ सरकला. "काहून हट्ट करून राहिली? बाजारातली थोडी मिसळून दे. कौन देखेगा?"

"मी पाहीन ना, दादा."

"चलो! नेताजींचं भाषण सुरू," त्यानं मला चिडवलं.

फुटलेला ठोकळा मी उजेडात धरला. आत पांढऱ्या गाठी होत्या. त्या मी ओळखल्या. सभेची पोस्टरं चिकटवायची खळ घरी मीच शिजवायची. मैदा थेट उकळत्या पाण्यात पडला की अशाच गाठी होतात. आधी तो थंड पाण्यात कालवावा लागतो. आम्ही मात्र रिवाजाप्रमाणे भुकटी कोरड्या सिमेंटमध्येच मिसळत होतो. यावेळी मी ती आधी पाण्यात घोटली, अगदी एकजीव होईपर्यंत, आणि मग त्यात सिमेंट टाकलं.

सिलिका नसलेला साधा, माझा आणि बाजारातल्या सिलिकेचा, असे तीन ठोकळे गरम पाण्यात मुरल्यावर दाबयंत्राखाली ठेवले. साधा ठोकळा लवकर फुटला. माझा टिकला. दाबाचा काटा चढतच होता, दादा यंत्रालाच "अरे, रुक रुक" म्हणत होता. शेवटी तो फुटला, पण साध्याच्या कितीतरी पुढे जाऊन. बाजारातल्या सिलिकेचा ठोकळा मात्र माझ्याहून थोडा सरस निघाला.

"तो तिसरा नको लिहू," दादा कुजबुजला.

"सर, मैं तीनों लिखूँगी," मी मोठ्यानं म्हटलं.

सरांनी माझ्या ठोकळ्याचा तुकडा उचलून बोटांत फिरवला. आत एकही गाठ नव्हती.

"तो और क्या, तीनों ही लिखोगी," ते म्हणाले. "और भूसी मँगवाओ. इतनी में क्या होगा?"