जावयाचा जिना, सासऱ्यांचा बीम

सगळ्यांची ड्रॉइंग एकाच मॉडेलमध्ये आणायची टूम माझी. मी आर्किटेक्ट, ऑफिस खालापूरला. सासरे स्ट्रक्चरल इंजिनीअर, राहायला पोशीरला, भातखाचरांच्या कडेला. बायको फिजिओथेरपिस्ट, आणि बांधायचं होतं तिचंच क्लिनिक, दहिवलीत. तिची अट एकच होती: जिना रुंद हवा. गुडघ्याचे पेशंट त्यावर चढ-उताराचा सराव करणार आणि त्यांना धरून शेजारी ती चालणार.

पूर्वी सासरे कागदांची सुरळी पाठवत आणि विषय संपे. मी त्यांना लॅपटॉपसमोर बसवून समजावलं, की आता तुमचे खांब-बीम, माझ्या भिंती आणि नळवाल्याचे पाइप एकाच जागी दिसतील. कशाची कशाशी टक्कर झाली की तिथं लाल होईल. मग साइटवर तोडफोड नाही, वाद नाही. वाद नाही म्हटल्यावर ते लगेच तयार झाले.

पहिल्याच आठवड्यात लाल दिसलं. त्यांचा बीम माझ्या जिन्याच्या बरोबर मधोमध लांबीनं जात होता आणि वरच्या पायऱ्यांवर चढणाऱ्याच्या कपाळाला लागत होता. आता सासऱ्यांना 'बीम हलवा' म्हणणारा जावई आमच्याकडे अजून जन्माला यायचाय. मी गुपचूप जिना डावीकडे सरकवला. जावयाला कसं बोलायचं म्हणून त्याच दिवशी त्यांनी पोशीरहून बीम डावीकडे सरकवला. पुन्हा लाल. मी उजवीकडे गेलो, तेही उजवीकडे आले. बोळात समोरासमोर आलेली दोन सभ्य माणसं करतात तसं आमचं चाललं होतं, फक्त काँक्रीटमध्ये. त्यांच्या बीमला वाट मिळावी म्हणून मी दर खेपेला जिना जरासा अरुंदही करत होतो.

फोन रोज होत. ते विचारत, जावईबापू, जेवलात का. मी विचारी, कापणीला माणसं मिळाली का. बीमचं नाव दोघंही काढत नव्हतो. नळवाल्यानं तेवढं कळवलं, की तुमची फुगडी संपली की सांगा, मग मी पाइप टाकतो.

शेवटी मला मॉडेलमध्ये एक सोय सापडली. लाल जागेवर 'मान्य' असा शेरा मारला की ते लाल जातं. मी मारला. सगळं मॉडेल स्वच्छ दिसायला लागलं, आणि ते मी सासुरवाडीच्या जेवणात मोबाइलवर सगळ्यांना फिरवून दाखवलंसुद्धा.

सेंटरिंग लागलं, म्हणजे काँक्रीट ओतायचे फळ्यांचे साचे उभे राहिले, जिन्याचेही. दुसऱ्या दिवशी स्लॅब भरायचा म्हणून सासरे बघायला आले होते. बायकोही आली. मला म्हणाली, तू पेशंट हो, आणि दंड धरून मला चढवायला लागली. दोघं मावत नव्हतो, ती भिंतीला घासत होती. वरच्या पायऱ्यांवर माझं कपाळ बीमच्या फळीवर आपटलं.

"हे तुला दिसलं नव्हतं?" तिनं विचारलं.

"दिसलं होतं. पण बाबांना कसं..."

"बाबा, तुम्हाला?"

सासरे खालून म्हणाले, "दिसलं की. पण जावईबापूंनी मान्य लिवलं. मग मी कशाला बोलू?"

"तुमच्या मानापानात माझा पेशंट पडला तर त्याला कोण धरणार? आमचं लग्न कधीच झालं, आता आवरा की. बाबा, बीम तुम्ही हलवायचा. आणि जावईबापू, तुम्ही नुसता जिना होता तेवढा रुंद करा. बाकी कशाला हात लावू नका. उद्या स्लॅब भरायचा नाही."

"हाय काय त्यात," सासरे म्हणाले. "भिंतीवर घेतो. पहिल्याच दिवशी बोलायचं ना." बोलणं मला होतं, बघत होते तिच्याकडे.

सेंटरिंग उलगडलं, बीम भिंतीवर गेला. आता त्या जिन्यावर पेशंट चढतात आणि ती शेजारून चालते. गुडघे दुखायला लागल्यापासून पेशंटांत सासरेही आहेत. बीम होता तिथं आता डोक्यावर काही नाही, तरी ती पायरी आली की ते मान खाली घालतात. त्यांना धरायची पाळी माझी असली की मीही घालतो. सासरे वाकलेले असताना जावयानं ताठ जाणं बरं दिसत नाही.