गुण वाढले, नंबर तोच

ज्या क्लासात मी नोकरीला होते, तिथल्या सरांनी भूकंप पाहिला होता. लातुरात क्लासेसची भरभराट झाली, लोहा-नायगावची पोरं खोल्या करून राहू लागली, तरी सरांनी पत्र्याच्या बैठ्या वर्गांवर मजला चढवला नाही. त्यातल्याच एका कोपऱ्यात बसून मी चाचण्यांच्या निकालाचं, पोरांना मोबाईलवर दिसणारं पान बनवायचे. दुपारी तापलेले पत्रे कडकड वाजत, शेजारचं रसायनशास्त्र भिंतीतून झिरपत येई आणि डोळ्यांपुढचे आकडे पाण्यावर तरंगल्यासारखे हलत.

अशाच एका पेंगुळल्या दुपारी चाकूरची एक मुलगी मोबाईल घेऊन दारात उभी राहिली.

"ताई, दोन प्रश्नांची उत्तरं सरांच्या उत्तरयादीतच चुकली होती. सरांनी दुरुस्त केली. त्यातलं एक माझं बरोबर होतं, तर गुण वाढले. नंबर तोच हाय. खरं काय धरू?"

मी खडबडून जागी झाले. गुण एका जागी अन् नंबर दुसऱ्या जागी साठवला होता मी. गुण बदलले, नंबर जुनाच राहिला.

"बस, आत्ता करते," म्हटलं.

नंबर साठवणंच काढून टाकलं. पानानं तो गुणांवरूनच काढायचा. नंबर बरोबर येऊ लागला, पण पान अडखळायला लागलं. नाव शोधताना टाकलेल्या एकेका अक्षराला सगळ्या पोरांची गुणांप्रमाणे रांग नव्यानं लागत होती.

"लई वेळ घ्यायलंय," ती हळूच म्हणाली.

मग एकदा लावलेली रांग पानाला लक्षात ठेवायला लावली. गुण बदलले तरच ती पुन्हा लावायची. तिनं आपलं नाव टाकलं. अक्षरं अलगद उमटत गेली, जराही न अडता.

नंबर मागे गेला होता. पुष्कळांची दोन्ही उत्तरं बरोबर होती.

मला कसंतरीच झालं.

"असू द्या ताई. खरा तरी हाय."

बाहेर लिंबाखाली जाऊन तिनं घरी फोन लावला. वाऱ्यावर तिचं बोलणं तुकड्यातुकड्यानं येत होतं. "हाव आई, गुण वाढले." मग "नंबर? घरी आल्यावर सांगते," म्हणाली, आणि ओढणी सावरत वर्गाकडे निघाली.