मित्राची गाडी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या आत्याचे. नेवासा तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रावर ती सरकारी नर्स होती. आमच्या वस्तीवरून शाळा लांब पडायची, म्हणून पहिलीतच तिनं मला आपल्याजवळ आणून ठेवलं. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही, हे मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला धीर होत नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला माणूस मी. मी पुण्याला इंजिनिअरिंग केलं, पुढं दोन मित्रांबरोबर सॉफ्टवेअरची कंपनी काढली, ती एका मोठ्या कंपनीनं घेतली. यातलं प्रत्येक पाऊल मी टाकलं खरं, पण रस्ता तिनं करून दिला होता.

आत्याकडे मोपेड होती. लसीकरणाच्या दिवशी ती गावोगाव फिरायची आणि शाळेला सुट्टी असली की मी मागं बसायचो, मांडीवर लसींचा निळा डबा घेऊन. निघण्याआधी ती हँडलवर तळवा ठेवायची, डोळे मिटायची आणि पुटपुटायची, "प्रभू, गाडी तुझी, आमी तुझे. नीट ने अन् नीट आन." मग मागं न बघता विचारायची, "धरलंस का?" मी "धरलं" म्हटल्याशिवाय ती पॅडल मारायची नाही. चढ आला की मी उतरून ढकलायचो.

पारावरची माणसं चेष्टा करायची. "नर्सबाई, गाडीला बी सुई टोचता काय?"

"टोचते की," ती म्हणायची. "तुजा नंबर तिच्यानंतर हाय. बस तितंच."

नवीन वाहन घरात आलं, मग ती सायकल का असेना, की वापरायच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्यानं त्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, ही आमच्या ख्रिस्ती घरातली रीत. मी पुण्यात जुनी स्कूटर घेतली तेव्हा आत्या खास एस.टी.नं आली होती. मुलं झाल्यावर मोठी गाडी घेतली तेव्हाही आली. शोरूमच्या दारात तिनं बॉनेटवर हात ठेवून इतकी लांबलचक प्रार्थना केली, की मागच्या गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न दिला.

या एका गाडीबद्दल मात्र मी तिला काही सांगितलं नाही.

ही गाडी म्हणजे सुपरकार. जुनी होती, पण सुपरकारच. इंजिन पाठीमागं, रंग पिवळा, उंची माझ्या कमरेएवढी. कॉलेजात असताना वसतिगृहाच्या भिंतीवर मी हिचं चित्र लावलं होतं. कंपनीचे पैसे आले, घर झालं, मुलांची तरतूद झाली, आत्याच्या घराला स्लॅब पडला आणि एक दिवस मी ही घेऊन टाकली. बायको म्हणाली, "हौस आहे ना, मग घ्या. पण आत्यांना सांगा." मी म्हटलं, सांगतो. सांगायचं राहून गेलं, असं मी म्हणत असे. पण ते राहिलं नव्हतं. मीच ते राहू दिलं होतं.

पुण्यातल्या आम्हा गाडीवाल्यांचा एक गट आहे. त्यांनी नगर जिल्ह्यात, हमरस्त्यापासून आत माळावर असलेला, गाड्या पळवायचा एक खासगी ट्रॅक एका रविवारसाठी भाड्यानं घेतला. स्वतःची गाडी तिच्या खऱ्या वेगानं चालवायची माझी ती पहिलीच वेळ. ट्रॅक आत्याच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर. शनिवारी तिच्याकडे मुक्काम करावा, सकाळी निघावं, असं मी ठरवलं. आता वाटतं, पुण्याहूनच थेट गेलो असतो तर हे काही घडलं नसतं. पण इतक्या जवळून जायचं आणि तिला भेटायचं नाही, हे मला जमलं नाही. भेटायचं होतं, फक्त गाडी दाखवायची नव्हती.

म्हणून मी एक युक्ती केली. गाडी हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर लावली, पंपाच्या मॅनेजरला लक्ष ठेवायला सांगितलं आणि वडापच्या, सीट भरून धावणाऱ्या जीपनं गावात गेलो. आत्यानं विचारलं, "गाडी न्हाई आनली?"

"पंपावर लावली. इथं वळवायला जागा नाही."

हे खोटं नव्हतं. "उद्या रविवारचं कुठं?" या प्रश्नाला मी "काम आहे" म्हणालो, ते खोटं होतं. तिनं शेंगदाण्याची आमटी आणि बाजरीची भाकरी केली होती. मी पोटभर जेवलो.

पण एक गोष्ट मी विसरलो होतो. आत्या कुणालाही दारातून निरोप देत नाही. पाहुणा ज्या वाहनानं जाणार तिथपर्यंत ती पोचवायला जाते, एस.टी. असेल तर एस.टी. हलेपर्यंत उभी राहते. सकाळी उठून पाहतो तर ती पांढरी साडी नेसून, बायबल पिशवीत घालून तयार. म्हणाली, "उपासनेला वेळ हाय अजून. तुला पंपापर्यंत सोडते अन् तिकडून तशीच देवळात जाते." आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात.

मी नको नको म्हटलं. ती चप्पल घालून पुढं चालायला लागली.

जीपनं पंपावर उतरलो तर गाडीभोवती माणसं जमली होती. एक ऊसवाला ट्रॅक्टर थांबवून उतरला होता आणि वाकून गाडीखाली बघत होता. "ही खड्ड्यात गेली तर क्रेनच लागंल," तो म्हणाला.

मॅनेजर मला बघून हसला. "या मालक! कालपासनं हिच्यासंगं फोटो काढायला रांग हाय."

आत्यानं माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे. ती सावकाश गाडीभोवती फिरली. काचेला डोळे लावून आत बघितलं.

"ही तुजी मोठी गाडी न्हाई."

"नाही."

"हिच्यात दोनच खुर्च्या हायेत."

"हो."

"मंग मागं?"

"मागं इंजिन आहे."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच कोडं पडल्यासारखं तिनं विचारलं, "ज्यानं ही घेतली त्याला घरात कुनी न्हाई का रे?"

मी म्हणालो, "माझी नाही आत्या. मित्राची आहे. एका दिवसासाठी दिलीय."

शब्द तोंडातून निघाले आणि मला पंपाच्या मॅनेजरची नजर जाणवली. नुकतंच त्यानं मला मालक म्हटलं होतं. त्यानं मान वळवली, आणि मला त्याचे आभारही मानता आले नाहीत.

आत्याला मात्र हायसं वाटलं. "मित्राची व्हय! मंग संबाळून चालव बाबा. दुसऱ्याची वस्तू हाय." आणि तिनं पिशवी माझ्या हातात दिली, पिवळ्या बॉनेटवर तळवा ठेवला, डोळे मिटले. ट्रॅक्टरवाल्यानं डोक्यावरचं मुंडासं काढलं.

"हे प्रभू," ती म्हणाली, "ज्या मानसाची ही गाडी हाय त्याला आशीर्वाद दे. एवढी मोलाची वस्तू त्यानं माझ्या लेकराच्या हातात विश्वासानं दिली. त्याला एकटं ठेवू नको, त्याचं घर मानसांनी भर. अन् माझ्या लेकराला दुसऱ्याच्या वस्तूचा मोह होऊ देऊ नको. नीट ने अन् नीट आन. आमेन."

"आमेन," ट्रॅक्टरवाला म्हणाला. मीही म्हणालो.

ट्रॅकवर पोचलो तेव्हा मंडळी चहा घेत होती. हेल्मेट, गाडीच्या दारावर नंबराची पट्टी, सूचनांची सभा. कुठं ब्रेक लावायचा, कुठं वळायचं, मागचा पुढं जायला लागला तर काय करायचं. पहिल्या फेऱ्यांसाठी माझ्या शेजारी शिकवणारे एक गृहस्थ बसले. मूळचे नगरचे, वय झालेलं, आवाज मऊ. दोन फेऱ्या त्यांनी मला काही म्हटलं नाही. तिसऱ्या फेरीला ते म्हणाले, "सर, एक विचारू? गाडी तुमचीच आहे ना?"

"हो, माझीच."

"नाही, दुसऱ्याची मागून आणल्यासारखी चालवताय."

ते हसले. पण त्या क्षणी माझ्यात काहीतरी हट्टाला पेटलं. माझीच आहे, असं मला कुणालातरी दाखवायचं होतं. कुणाला, ते ठाऊक नाही. सरळ पट्ट्यावर मी पाय पूर्ण दाबला.

इथं मला खरं लिहिलं पाहिजे. मला अतोनात आनंद झाला. पाठीमागून ते इंजिन ओरडत होतं, माळावरचं पिवळं गवत दोन्हीकडून रेषा होऊन मागं जात होतं, आणि लहानपणी उतारावर मोपेड सुटली की आत्या आणि मी जसे ओरडायचो तसा मी हेल्मेटच्या आत ओरडलो. त्या एका पट्ट्यावर मला कसलीच लाज वाटत नव्हती. आठवण काढली की आजही मला याच गोष्टीची सगळ्यात जास्त लाज वाटते.

"ब्रेक," शिकवणारे म्हणाले. "ब्रेक, ब्रेक, सर!"

मी उशीर केला. वळणात शिरल्यावर घाबरून पाय एकदम सोडला आणि गाडीची मागची बाजू निसटली. माळ, आकाश, पांढरी भिंत, पुन्हा माळ. मग खडखडाट करत आम्ही कडेच्या मुरमात थांबलो, तोंड आल्या रस्त्याकडे करून. इंजिन बंद पडलं होतं. मुरमाची तांबडी धूळ काचेवर बसत होती.

"ठीक आहात ना?" त्यांनी विचारलं.

"धरलं," मी म्हणालो. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

त्यांना ते कळलं नसावं. ते म्हणाले, "सगळ्यांचं होतं एकदा. पुढच्या बंपरचा ओठ चिरलाय वाटतं. बाकी देवाची कृपा."

देवाची कृपा. मी तिथंच बसून राहिलो. ती प्रार्थना नेमकी कुणासाठी होती? तिनं गाडीच्या मालकासाठी मागितलं होतं, आणि मालक मीच होतो. तिनं आपल्या लेकरासाठी मागितलं होतं, तेही मीच. दोन्ही बाजूंनी मला मिळालं होतं, आणि मिळवलं होतं ते तिला फसवून. दुपारच्या फेऱ्यांना मी उतरलो नाही. मंडळी म्हणाली, घाबरला. मी हो म्हणालो.

संध्याकाळी पुण्याला पोचलो तोच तिचा फोन.

"मित्राची गाडी परत दिलीस का?"

"दिली."

"कुठं खरचटली न्हाई ना?"

मी म्हणालो, "थोडी. पुढं."

"अरं देवा. मंग त्याला सांगितलंस का? न सांगता किल्ली देऊन नको येऊ. मानसानं तोंडावर सांगावं, माफी मागावी. भला मानूस हाय तो, समजून घील." मग तिचा आवाज उजळला. "आज मी देवळात पाळकसाहेबांना सांगून त्याच्यासाठी खास प्रार्थना करून घेतली. त्याला घरात कुनी न्हाई म्हनून. पन पाळकसाहेबांनी नाव इचारलं, अन् मला सांगता येईना. नाव काय रे त्याचं?"

"आत्या, रेंज नाहीये. नंतर सांगतो."

पुढच्या रविवारीही तिचा फोन आला. बायकांच्या मंडळानं गुरुवारच्या प्रार्थनेत त्या माणसाला घेतलं होतं. "एक जन म्हनली, त्याच्यासाठी स्थळ बघू का? मी म्हनलं, थांब, आदी नाव तर कळू दे." ती हसत होती. मीही हसलो. फोन ठेवल्यावर बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि उठून आत गेली. नंतरच्या रविवारी मी फोन उचललाच नाही. तिचा फोन न उचलण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ.

फोनवर मला ते सांगता येणार नव्हतं. वसतिगृहात होतो तेव्हा तिनं मला दर आठवड्याला पत्र लिहायची सवय लावली होती. तशी सरळ रेघांच्या कागदावर बसलो. पुष्कळ कागद फाडले. शेवटी पाठवलं ते हे:

प्रिय आत्या,

प्रभूमध्ये सलाम.

तू नाव विचारत होतीस. प्रार्थनेत घालायचं ते नाव माझं आहे. पिवळी गाडी मित्राची नाही, मी घेतलेली आहे. त्या रविवारी कामही नव्हतं, मी ती जोरात पळवायला गेलो होतो. गाडी मुरमात गेली आणि पुढं चिरली. मालकाला सांग म्हणालीस, पण मालकाला ते माहीत होतं. तुला सांगायचं राहिलं होतं.

ज्यानं ही घेतली त्याला घरात कुणी नाही का, असं तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. आहे, आत्या. सगळे आहेत. तू आहेस. तरी मी अशी गाडी घेतली, जिच्यात सगळ्यांना बसता येत नाही. मला ती फार आवडते, हेही खरं आहे. ते लपवलं तर हे पत्रही खोटं होईल.

तू देवळात आणि बायकांच्या मंडळात त्या माणसाबद्दल चांगलं बोललीस. आता तुला त्यांच्यापुढे खाली बघावं लागेल, हे मला सगळ्यात जास्त लागतं. ते तू सोसू नकोस. तू म्हणशील त्या रविवारी मी येतो आणि उपासनेनंतर उभा राहून मीच सांगतो. पंपाच्या मॅनेजरलाही सांगायचं आहे.

तुझ्या प्रार्थनेतला निम्मा भाग मी चोरून घेतला. तरी तो मागे घेऊ नकोस, एवढंच मागतो.

एस.टी.नं येऊ की ती गाडी घेऊन येऊ, ते कळव. गाडी आणली तर दुसरी खुर्ची तुझी. बसायला खाली वाकावं लागतं, मी हात देईन. आणि निघण्याआधी धरलंस का, असं या वेळी मी विचारीन.

तुझं लेकरू