भामामावशीची मुळी आणि माझं अल्कोहोल

२०११ साली मी पनवेलच्या एका फार्मसी कॉलेजात पीएच.डी. करत होतो. फुप्फुसाच्या कर्करोगावरचं औषध आपल्याच हातून निघणार, अशी माझी खात्री होती. बाकी कुणाची नव्हती.

मला मुळ्या आणून द्यायची भामामावशी. विचुंब्यापलीकडच्या कातकरी वाडीतली. नवरा गेल्यावर वीटभट्टीवर राबून तिनं दोन मुली वाढवल्या. डोंगरात कुठं काय उगवतं ते तिला पाठ. एका रानवेलीची मुळी ती खोकल्याला उगाळून द्यायची. मी वही घेऊन तिच्यामागे डोंगर चढायचो, घसरून पडायचो, आणि ती मला उठवायची.

त्या मुळीच्या अर्कानं प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी पार मेल्या. मी इतका हरखलो की मार्गदर्शक सत्यवती मॅडमना दाखवण्याआधीच सोसायटीभर सांगून मोकळा झालो. आमच्या मजल्यावरच्या दिनानाथकाकांना फुप्फुसाचाच कर्करोग होता. त्यांना तर भामामावशीच्या वाडीच्या पत्त्यासकट जरा जास्तच रंगवून सांगितलं.

सोमवारी मॅडमनी वही चाळून विचारलं, "नुसतं अल्कोहोल घालून पाहिलंस का?"

अर्क अल्कोहोलमध्ये काढला होता. नुसतं घालून पाहिलं नव्हतं. पाहिलं, तर तेवढ्याच पेशी मेल्या. म्हणजे महिनाभर मी पेशींना दारू पाजून मारत होतो आणि श्रेय मुळीला देत होतो.

धावत काकांकडे गेलो, तर दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, केमो सोडतो म्हणत रिक्षानं वाडीवर गेलेत. मी वाडीवर पोचलो तोवर काका तिथून परतले होते. भामामावशी चुलीपाशी बसली होती. काकांनी खूप विनवलं, पण तिनं मुळी दिली नव्हती.

"मी खोकल्याचं देते. ह्यो खोकला नाय," ती म्हणाली. "डाक्टरची सुई सोडू नका, बोलले त्यांना. तुमी काय सांगून ठेवलं होतं?"

मी सगळं सांगितलं, अल्कोहोलचंही. ती हसली नाही. काकांना तोंडानं जाऊन सांगा, एवढंच म्हणाली.

गेलो. माझं चुकलं, असं म्हणायला मला चहाचा अख्खा कप लागला. काका रागावले नाहीत. पुढच्या केमोला सोबत ये म्हणाले. मग दर खेपेला मी गेलो. ते आणखी दोन वर्षं जगले.

माझा प्रबंध सहा वर्षांनी पुरा झाला. निष्कर्ष दीड ओळीचा: सदर अर्काचा या पेशींवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. भामामावशीला वाचून दाखवला आणि अर्थ सांगितला.

"येवढ्यासाठी सा वर्सं?" ती म्हणाली.