डॉक्टरीणबाईंचं टपालाचं कॉलेज

आमच्या इमारतीत कुणाला ताप आला, की डॉक्टरीणबाई औषध सांगत नसत. आधी विचारत, "पहिल्यांदा कोणाला आला? त्याच्याकडे कोण कोण येऊन गेलं?" ताप उतरायच्या आत त्यांची चौकशी सगळे मजले फिरून येई. बायका हसायच्या. बाई खरं तर गुरांच्या डॉक्टर, गोरेगावच्या तबेल्यांजवळच्या सरकारी दवाखान्यात. पण रोग माणसाचा असो की म्हशीचा, तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, याचं त्यांना भारी कुतूहल.

त्यापायीच चाळिशी उलटल्यावर त्यांनी टपालाने अभ्यास सुरू केला. जनावरांच्या साथी कशा पसरतात आणि त्यांच्यावर नजर कशी ठेवायची, हा विषय. धडे पोस्टाने येत, उत्तरं टाइप करून पाठवायची. मी तेव्हा टायपिस्ट होते, घरी एक जुनं मशीन होतं. रविवारी दुपारी बाई माझ्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत उत्तरं सांगत आणि मध्येच थांबत. "कुंदा, हे खोड. पुस्तकात बरोबर आहे, पण तबेल्यात असं होत नाही."

त्यांचे यजमान विक्रोळीला कारखान्यात होते. ते कुरकुरत, "पगार वाढणार नाही, बढती नाही, मग कशाला गं हे?"

"म्हैस आडवी झाल्यावर बोलावतात मला," बाई म्हणत. "त्याआधी पोचायचंय."

परीक्षा तोंडावर आली आणि तबेल्यांत लाळ-खुरकूत शिरली. म्हशींच्या तोंडातून लाळेच्या तारा, खुरांत जखमा, दूध आटलेलं. पहिली खबर दिली रामदुलारने. त्याचा तबेला सगळ्यांत लहान. झालं, सगळे त्याच्यावरच उलटले. सर्वांत चढा आवाज मोठ्या तबेल्याच्या शेठचा. "बाई, याने आमची वाट लावली! याच्या म्हशी इथून हलवा आधी."

बाई परीक्षेला गेल्याच नाहीत. शेणात उकिडव्या बसून एकेका म्हशीचा पाय उचलून बघत राहिल्या. रामदुलारकडच्या जखमा ताज्या होत्या. शेठच्या तबेल्यात मागच्या रांगेतल्या म्हशींच्या मात्र जुन्या, भरत आलेल्या. दूध कुणी घेणार नाही या भीतीने शेठने रोग लपवला होता, आणि दूध काढणारे गडी दोन्हीकडे तेच होते.

संध्याकाळी मालक जमले. बाईंचा डबा घेऊन मी तिथे गेले होते. बाई म्हणाल्या, "रोग रामदुलारकडे आधी आला नाही. त्याने आधी सांगितलं, एवढंच. आधी कुठे आला ते मला कळलंय." शेठ खाली बघू लागला. "पण नाव घेणार नाही."

परत येताना मी चिडले. "सांगायचं ना बाई! केवढा तोरा त्याचा!"

"आज त्याचं नाव घेतलं, की उद्यापासून सगळेच लपवतील. मला गुन्हेगार नकोय गं, खबर हवीय."

रामदुलार म्हशींसह तिथेच राहिला. प्रत्येक तबेल्याचे गडी वेगळे झाले, धडधाकट म्हशींना लस टोचली, साथ ओसरली. बाईंचं वर्ष मात्र बुडालं. मी हळहळले, तर म्हणाल्या, "पुन्हा वाचलं तर जास्त कळेल." पुढच्या वर्षी त्या पास झाल्या. पेढे वाटले ते यजमानांनी.

मग त्यांची विदर्भात बदली झाली. निघायच्या सकाळी टेम्पोत सामान चढलं होतं, यजमान ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले होते. एवढ्यात शेठ धापा टाकत आला.

"बाई, माझ्या दोन म्हशी लाळ गाळतायत. आज सकाळीच दिसलं. आधी तुमच्याकडेच आलो."

रोगाची बातमी ऐकून कुणाचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. बाईंनी टेम्पोतलं एक बोचकं ओढून त्यातून गमबूट काढले, यजमानांना म्हणाल्या, "दुपारी निघू," आणि प्रवासासाठी नेसलेली नवी साडी वर खोचून शेठच्याही पुढे चालू लागल्या.

 यजमानांनी खाली उतरून ड्रायव्हरसाठी चहा सांगितला.