पालथा भूगोल

“बाई, ही पोरं झोपल्यात का मेल्यात?”

दारात हेडमास्तर उभे होते. आत माझा अख्खा तिसरीचा वर्ग फरशीवर पालथा पडला होता, सगळ्यांची डोकी एकाच बाजूला. मी पण गुडघ्यांवर बसले होते, पदर खोचून.

“भूगोल चाललाय, गुरुजी.”

“भूगोल? दिपोटी गेटातनं आत आल्यात आणि तुम्ही पोरं वाळत घातल्यात व्हय!”

शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना आम्ही दिपोटी म्हणायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कोल्हापुरातल्या एका प्राथमिक शाळेत नवी लागले होते आणि अजून कायम झाले नव्हते. त्या दिवशी साहेबांचं मत चांगलं पडलं तर नोकरी कायम. नाही पडलं तर घरच्यांनी हेरून ठेवलेलं जयसिंगपूरच्या अडत्याचं स्थळ होतंच. मुलगा वाईट नव्हता. पण त्याला बायको हवी होती ती मिरचीच्या पोत्यांवर लक्ष ठेवायला, आणि मला मिरचीने शिंका येतात.

आता पोरं पालथी का, ते सांगते. तिसरीला आपल्या जिल्ह्याचा भूगोल असतो. उगवत्या सूर्याकडे तोंड केलं की डावा हात उत्तरेला, हे पोरं घडाघडा म्हणायची. पण “उत्तर दाखवा” म्हटलं की सगळी बोटं छताकडे. पोरांचा काय दोष? नकाशा जन्मभर भिंतीवर टांगलेला, त्यात उत्तर वरच्या बाजूला. म्हणजे उत्तर वर, कौलांच्या पलीकडे कुठेतरी, आणि दक्षिण पायाखाली! एकाने तर मला विचारलं होतं, “बाई, विहीर खणली की दक्षिणेला जातोय का आपण?”

माझ्या भावाने एका प्रदर्शनातून लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक आणलं होतं. गोष्ट एवढीच, की एक चिमणी हरवलेलं पिल्लू शोधत गावावरून उडते. पण चित्रकार हुशार होता. पहिल्या पानावर गल्ली समोरून दिसते, मग गच्चीवरून, मग आणखी उंचावरून. शेवटच्या पानावर घरांचे नुसते चौकोन आणि नदीची निळी रेघ. बस, नकाशा म्हणजे तेवढंच. वरून पाहिलेलं गाव.

पुस्तक एकच होतं. गोल बसवलं तर अर्ध्या पोरांना चिमणी उलटी दिसायची. म्हणून पुस्तक जमिनीवर ठेवलं, पानाची वरची कड खऱ्या उत्तरेकडे केली आणि सगळ्यांना त्याच दिशेला तोंड करून पालथं झोपवलं. आता पानावरची उत्तर आणि गावाची उत्तर एकच झाली. पोरं खूश होती, कारण शाळेत झोपायला मिळत होतं.

“उठवा त्यांना!” हेडमास्तर कळवळले. पण तोवर साहेब दारात आले होते. कोट घातलेले, बाहेरगावचे, चेहऱ्यावर काही न दाखवणारे.

साहेबांनी वाकून पुढच्याच मुलीला विचारलं, “तुझं नाव काय?”

“शकीला.” ती नुकतीच कबनूरहून आली होती. वडील तिथे यंत्रमागावर कामाला, त्यामुळे बोलणं मागाच्या खडखडाटावर मात करणारं.

“उत्तर कुठे आहे, शकीला?”

तपासणीच्या वेळी साहेबांच्या पाठीमागे उभं राहून पोरांना खाणाखुणा करणं हा आमच्याकडे हेडमास्तरांचा हक्कच होता. आमचे गुरुजी तर त्यात वाकबगार. त्यांनी डोळे मोठे केले, बोट वर केलं आणि कुजबुजले, “वर! वर सांग की गं!”

शकीला पडल्या पडल्याच ओरडली, “न्हाय गुरुजी, वर छप्पर हाय. उत्तर त्या अंगाला हाय. जोतिबाचा डोंगर हाय न्हवं, त्याच्या जरा उजवीकडं.” आणि हात सरळ पुढे केला.

साहेब सावकाश मागे वळले. हेडमास्तरांचं बोट अजून छताकडेच होतं.

“वर काय आहे, हेडमास्तर?”

“जाळी लागल्यात, साहेब. काढायला सांगतो.”

साहेबांनी कोट उतरवून टेबलावर ठेवला आणि सरळ शकीलाच्या शेजारी पालथे झाले. “पहिल्या पानापासून दाखव.” आता आली पंचाईत. साहेब जमिनीवर आणि आपण उभे, हे हेडमास्तरांच्या शिस्तीत बसेना. त्यांनी धोतर सावरलं, इकडे-तिकडे पाहिलं आणि तेही आडवे झाले. चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थबकला. त्याने मला विचारलं, “बाई, डॉक्टरला बोलवू?”

मी कायम झाले. जयसिंगपूरला नकार कळवताना आईने तोंड पाडलं, पण मी त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

साहेबांना पद्धत इतकी आवडली की पुढच्या वर्षी आसपासच्या सगळ्या शाळांना तोंडी फर्मान सुटलं, भूगोलाच्या तासाला मुलांना पालथं झोपवावं. पुस्तकं काही आली नाहीत. त्यांना पैसे लागतात, झोपायला लागत नाहीत. कुठल्याही शाळेत डोकावलं की पोरं पालथी, माना मागे ताणलेल्या, आणि गुरुजी खुर्चीत बसून भिंतीवरच्या नकाशावर छडी फिरवतायत. शिक्षकांच्या बैठकीत सगळे माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघायचे.

तेव्हापासून एक शिकले. वरच्यांना नवी पद्धत दाखवायची, तर तिचा फुकटात होणारा भाग आधी लपवावा. ते तेवढाच उचलतात.