विहिरीवरची ती बाई

मारामारीचे सिनेमे मला आवडतात असं म्हटलं की लोक आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतात. बघोत बापडे. त्यातही दोन भाडोत्री मारेकरी, दोघेही पैसे घेऊन माणसं मारणारे, आणि शेवटी एकमेकांच्याच जिवावर उठलेले, अशी गोष्ट टीव्हीवर लागली की माझी भाजी करपलीच म्हणून समजा. असल्या गोष्टीत एवढं काय असतं, याचं कुतूहल मला पहिल्यापासून आहे. ते पहिल्यांदा जागं झालं मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या जरा आधीची गोष्ट. आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडे, मुरबाडहून घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत. माघात माझं लग्न ठरलं होतं आणि त्याआधी पौषात जत्रा होती. बा बैलबाजाराला निघाला तेव्हा मीही चुलतीबरोबर गाडीत चढले. निघताना आईने मला गोठ्यात बोलावलं आणि हळूच सांगितलं, "मामा भेटंल. त्याला इतकंच इचार, लग्नात मागं उभा ऱ्हाशील का."

हे का विचारायचं ते सगळ्या गावाला माहीत होतं. आमच्याकडे नवरीला घरातून मांडवात मामा आणतो, आणि अंतरपाट धरला की तोच तिच्या मागे उभा राहतो. माझा मामा, म्हणजे आईचा एकुलता एक थोरला भाऊ, शहापूरच्या बाजूचा, खर्डीच्या जंगलपट्टीतला. त्याचं आणि बाचं बोलणं बंद होतं. कारण एक बैल.

मामाला बैलातलं फार कळे. त्यानेच एका जत्रेत दात बघून, खूर बघून, पाठीवर थाप मारून बाला एक बैल घेऊन दिला होता. बैल देखणा होता, कामालाही वाईट नव्हता. फक्त भाताची चिखलणी ऐन रंगात आली की तो चिखलात फतकल मारून बसे आणि त्याच्या मनात आल्याशिवाय उठत नसे. बाने पुढच्या जत्रेत चार पाहुण्यांदेखत सांगितलं की मेव्हण्याने आपल्या गळ्यात बसका बैल बांधला. मामाने ते ऐकलं, गाडी जुंपली आणि तो निघून गेला. त्यानंतर आईच्या भाऊबीजा कोरड्या गेल्या. माहेरची वाट बंद झाली, आणि तिने तोंडाने कधी तक्रार केली नाही. बैल मात्र आमच्याकडेच राहिला, आणि बसतच राहिला.

त्या वर्षी जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. बाहेर एक यंत्र धडधडत होतं, त्यावर आत दिवे लागत. बायका एकीकडे, बापये दुसरीकडे, मधे एक सुंभाची दोरी. बोलणं सगळं हिंदुस्थानी, ते आमच्यातल्या निम्म्यांना कळेना. म्हणून तंबूवाल्याने मुरबाडचा एक शिंपी ठेवला होता. तो पडद्याच्या कडेला पत्र्याचा भोंगा घेऊन उभा राही आणि काय चाललंय ते आमच्या भाषेत ओरडून सांगे. आपल्या पदरचंही भरपूर घाली.

मी दोरीला लागून बसले होते. बघते तर बा पुढे डावीकडे, आणि मामा पार मागे उजवीकडे, खांबाला टेकून. दोघांनाही असल्या खेळांचं वेड, हे आई नेहमी सांगे. पूर्वी दोघे एका घोंगडीवर बसून तमाशे बघत. आता दोघांच्या मधे अख्खा तंबू होता.

गोष्ट अशी होती. एका शेठाला आपल्या पुतण्याचा काटा काढायचा असतो. तो दोन मारेकऱ्यांना गुपचूप, एकाच्या नकळत दुसऱ्याला, तेच काम देतो. एक काळ्या कोटातला बंदूकवाला, दुसरा एका पायाने लंगडणारा सुरीवाला. पुतण्या राहतो बाजूला, हे दोघे एकमेकांना आडवे जातात, आणि मग शेठ दोघांनाही वेगवेगळं सांगतो की आधी त्याला मार. पुढे घोडे, आगगाडीच्या टपावरची धावपळ, दरीत कोसळणारी मोटार.

यंत्र एकच असल्यामुळे रीळ संपलं की दिवा लागे आणि दुसरं चढेपर्यंत सगळा तंबू बोलत बसे. पहिल्या दिव्याला मामा माझ्यासाठी गुडदाणी घेऊन दोरीपाशी आला. भाचीला बघून न भेटणारा मामा आमच्याकडे जन्माला आलेला नाही. तो येतोय हे बघून बाही शेवेची पुडी घेऊन आला. दोघे माझ्या दोन बाजूंना उभे. एकमेकांकडे बघत नव्हते, आणि बोलत होते ते फक्त माझ्याशी.

बा शिकारीच्या हाक्याला जाई, ठासणीची बंदूक त्याने हातात धरली होती. तो मला म्हणाला की हा काळा कोट बार भरतो तरी कधी, दारू ठासताना एकदा तरी दिसला पाहिजे. मामा मला म्हणाला की बंदुकीचं जाऊ दे, घोडा सकाळपासून दौडतोय, त्याला पाणी नाही, वैरण नाही, तोंडाला फेस नाही, असलं जनावर कुठल्या बाजारात मिळतं ते सांग. मी इकडून शेव खात होते, तिकडून गुडदाणी, आणि दोघांनाही हो म्हणत होते.

पुढच्या दिव्याला दोघे पुन्हा आले. या वेळी खाऊचं निमित्तही नव्हतं. बाचं म्हणणं, या मारेकऱ्यांना घरदार नाही, शेत नाही, कुणी जेवायला हाक मारत नाही. असा माणूस जगतो कशावर? मामाचं म्हणणं, गोष्टीत मुद्द्याचं एकच आहे आणि तेच कुणी विचारत नाही. दोघांना एकाच माणसाने धाडलंय. एकदा समोरासमोर बसून तू कुणाचा आणि मी कुणाचा एवढं बोलले असते तर खेळ पहिल्या रिळातच संपला असता. हे ऐकून बा दोरीचा सुंभ नखाने उसवायला लागला. माझ्या ओठांवर आईचा प्रश्न होता आणि बाच्या समोर तो विचारायचा धीर होत नव्हता.

पण त्या खेळात एक फार खरी गोष्ट होती, आणि ती अजून मला असल्या सिनेमांकडे ओढून नेते. ते दोघे एकमेकांना पुरते ओळखत. अंधाऱ्या जिन्यावर पाऊल वाजलं तर काळा कोट ऐकूनच ओळखी की हा लंगडा. लंगड्याला ठाऊक असे की काळा कोट दाराकडे पाठ करून कधी बसायचा नाही. शेठालाच काय, जगात कुणालाच त्यांची एवढी माहिती नव्हती. मला एकदम आठवलं, रस्त्यावरून मामाची गाडी गेली की आमचा बा नुसत्या आसाच्या कुरकुरीवरून ओळखायचा. बोलणं बंद झाल्यावरही ओळखायचा. हातातलं काम थांबवायचा, आणि गाडी लांब गेली की पुन्हा सुरू करायचा. वैऱ्याइतकं लक्ष सोयराही देत नाही. हे ज्या सिनेमावाल्याला कळतं त्याला बाकीचे सात खून माफ.

शेवटच्या रिळात एक उजाड माळ आला. दोघे जखमी, तहानेने अर्धमेले, दोन दिशांनी एका विहिरीपाशी येतात. विहिरीवर एक बाई पाणी शेंदत असते, डोक्यावरून पदर घेतलेली. ती काही विचारत नाही. आधी एकाच्या ओंजळीत ओतते, मग त्याच घागरीतून दुसऱ्याच्या. दोघे पितात. एकमेकांकडे बघतात.

आमच्या भागात भांडण मिटवायची रीत हीच. पंच बसोत न बसोत, एका भांड्यातलं पाणी दोघे प्याले की वैर संपलं. त्यानंतर कुणी कुरापत काढली तर त्याच्या दारात गाव जात नाही. त्यामुळे भोंगेवाल्या शिंप्याने पडद्यावरचं पुढचं ऐकलंच नाही. तो आपल्याच जबाबदारीवर ओरडला, "मिटलं! वैर मिटलं!" लोक खूश झाले. खेळ संपला म्हणून घोंगड्या झटकायला लागले, कुणी बैल जुंपायला उठले. बाही मुंडासं बांधत उभा राहिला होता. तेवढ्यात काळ्या कोटाने लंगड्याच्या पाठीत गोळी घातली.

असा गोंधळ मी त्यानंतर पाहिला नाही. लोक पडद्यावर चिडले, मग शिंप्यावर चिडले. त्याला म्हणाले, तू खोटं सांगितलंस. तो बिचारा भोंग्यातूनच सांगत होता की मी खोटं सांगितलं नाही, सिनेमा खोटं सांगतोय. तंबूवाला पंजाबी की कोण होता, त्याला कळेना की इतकी माणसं मेली तेव्हा टाळ्या वाजवणारे हे लोक आता एका लंगड्यासाठी एवढे का पेटले.

बाहेर गाड्यांपाशी आलो तर मामाची गाडी आमच्या शेजारीच सोडलेली. मामा रागाने वैरण गाडीत फेकत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "पाणी पिऊन मारतो? असं कंदी झालंय गो?" बा बैलाच्या मानेवर जू ठेवत होता. तो बैलाला म्हणाला की ज्याने ही गोष्ट रचली त्याला कुणी वळण लावलेलं दिसत नाही. दोघांचं इतकं एकमत मी जन्मात पाहिलं नव्हतं. वाटलं, आता विचारावं. पण मामाने कासरा हातात घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो निघाला. आसाची कुरकुर लांब जाईपर्यंत बा जूवर हात ठेवून उभा होता.

घरी आईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओळखलं, की तिचा प्रश्न न विचारताच परत आलाय. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला सिनेमा सांगितला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती सुपात तांदूळ पाखडत ऐकत होती. घोडे, आगगाडी, मोटार, कशालाच तिने हूं की चूं केलं नाही. गोळीचं सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले.

"आन ती बाई?"

म्हटलं, ती पुन्हा दिसली नाही.

"तिच्या हातचं पाणी पिऊन मारला, आन तिला कोनी काय इचारलं पन नाय?"

तिने सूप पुन्हा हलवायला घेतलं.

लग्नाचं बोलावणं मामाला बाने दुसऱ्याच्या हाती धाडलं. स्वतः गेला नाही. मामा आला, पण आला म्हणण्यात काही अर्थ नव्हता. मांडवाच्या शेवटच्या डहाळीबाहेर गाडी सोडून तिच्या जोखडाला टेकून उभा राहिला. बोलावणं मान्य, मांडव मान्य नाही. मी मुंडावळ्या बांधून दारात बसले होते. भटजींनी मामाला हाक मारली. पुन्हा मारली. बा मांडवात खाली बघत उभा होता. एकाने कुजबुजून चुलतमामाचं नाव सुचवलं. मला दुसरा कुणी मामा नको होता, आणि ते सांगायला नवरीला तोंड नसतं.

मंगलाष्टकांच्या वेळी नवरीची आई मांडवात येत नाही, तुळशीपाशी थांबते. आमची आई तुळशीपासून उठली. हातात पाण्याचा तांब्या होता. सगळा मांडव ओलांडून ती भर उन्हात भावापाशी गेली आणि तांब्या पुढे केला. बहिणीच्या हातचं पाणी, तेही इतक्या दिवसांनी, त्याला नाही म्हणणं मामाच्याने झालं नाही. तो प्याला. आई वळली आणि तोच तांब्या घेऊन बासमोर आली. बाने तिच्याकडे बघितलं, मग तांब्याकडे. दोघेही जत्रेतल्या त्या तंबूत बसले होते. आता या घोटाचा अर्थ काय, हे कुणी भोंग्यातून सांगायची गरज नव्हती. बा प्याला.

आईने रिकामा तांब्या हातात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "प्यालात ना दोघं? आता ज्याला कुनाला मारायचं आसंल, त्यानं मारा. नायतर माज्या पोरीच्या मागं उभं ऱ्हावा."

ती परत तुळशीपाशी गेली.

बा मांडवाच्या कडेपर्यंत आला, घसा साफ केला आणि मामाशी पहिलं वाक्य बोलला, "त्यो बैल आजून बसतो."

मामा म्हणाला, "लगीन होऊं द्या, दाजी. बघतो त्याला."

असले सिनेमे मी त्यानंतर किती पाहिले त्याला मोजदाद नाही. बंदुका सुधारल्या, मोटारी सुधारल्या, घोडे गेले. ते दोघे मारेकरी तेवढेच राहिले, आणि बघायला अजून मजा येते. पण मी मधूनच शोधत असते, यांना पाणी देणारं कुणी आहे का, आणि असलं तर ती शेवटी परत येते का. अजून तरी आलेली दिसली नाही.

त्या दिवशी मांडवात मामाने मला दारातून हाताला धरून नेलं. अंतरपाट धरला गेला. तो मागे उभा राहिला तेव्हा माझ्या खांद्यावर पाण्याचे थेंब पडले. वाटलं, मिशा पुसल्या नसतील. पण मंगलाष्टकं संपत आली तरी थेंब पडतच होते.